माळ्यावरची ट्रंक : निवृत्त अणुशास्त्रज्ञ, परराष्ट्र खात्यातले अधिकारी, जवान आणि त्यांच्या घरच्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

गेल्या दिवाळीच्या तोंडावर कोथरूडमधल्या एका घरी मी चार दिवस उशिरा पोचले. त्या घरातल्या आजोबांची सगळी नोकरी अणुऊर्जेच्या कामात गेली, आणि मधली काही वर्षं ते व्हिएन्नाला होते. रात्री जेवण झालं की डायरी लिहायची, ही त्यांची सवय. त्यांच्या सूनबाईंनीच मला ते फोनवर सांगितलं होतं. मला १९९२ आणि १९९३ या दोन सालांच्या डायऱ्या पाहायच्या होत्या. आजोबा उन्हाळ्यात गेले, पुढे दिवाळीची साफसफाई निघाली आणि माळा रिकामा झाला. "अहो, तुम्ही दिवाळीनंतर याल असं वाटलं," सूनबाई ओशाळून म्हणाल्या. "पेपरच्या रद्दीबरोबर गेल्या. किलोला चौदा रुपये दिले त्याने."

मी त्यांना काय बोलणार? त्यांनी चहा केला, चिवडा पुढे ठेवला. निघताना एक वस्तू मात्र माझ्या हातावर ठेवली. कुठल्याशा डायरीत खूण म्हणून घातलेलं व्हिएन्नाच्या ट्रामचं तिकीट. माळा झाडताना खाली पडलेलं. मी रद्दीवाल्याच्या गोदामातही जाऊन आले. माल आदल्या दिवशीच पुठ्ठ्याच्या कारखान्याकडे गेला होता.

त्या घरावर राग काढायला मी हे लिहीत नाही. हे पत्र बाकीच्या तुम्हा सगळ्यांना आहे. ज्यांनी ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात नोकऱ्या केल्या, ज्यांनी दिल्ली, व्हिएन्ना, न्यूयॉर्क, सोलच्या कचेऱ्यांत बसून टिपणं लिहिली, ज्यांनी १९५३ साली कोरियाच्या थंडीत पहारा दिला, ज्यांनी बंदरात जहाजं तपासली, त्यांना. आणि खरं तर त्यांच्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना. कारण ट्रंकेची किल्ली आता तुमच्या कमरेला आहे.

मी इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका. कोरियाचं अणुराजकारण हा माझा विषय. उत्तरेने बाँब का केला, दक्षिणेने करता करता का सोडला, आणि या दोन्ही गोष्टी घडताना बाकीचं जग काय करत होतं, एवढंच मी आयुष्यभर विचारत आले.

आता तुम्ही म्हणाल, नेमक्या ९२-९३च्या डायऱ्याच का? सांगते.

उत्तर कोरिया डिसेंबर १९८५मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारात सामील झाला, पण तपासणीला परवानगी द्यायला १९९२ उजाडलं. त्या मे महिन्यात त्यांनी आपल्या योंगब्योनच्या अणुकेंद्राचा हिशोब व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला सादर केला. बाँबला लागणारं प्लुटोनियम वेगळं काढलंय खरं, पण एकदाच, १९९० साली, आणि तेही ९० ग्रॅमच्या आसपास, असा तो हिशोब. तपासनीस गेले. त्यांनी तिथल्या उपकरणांचे पृष्ठभाग कापडाच्या छोट्या तुकड्यांनी पुसले, ते तुकडे पिशव्यांत बंद केले आणि प्रयोगशाळांत पाठवले. पुढची गंमत रसायनशास्त्राची आहे. प्लुटोनियमचा २४१ अणुभाराचा एक भाईबंद असतो. तो हळूहळू अमेरिशियम या दुसऱ्या मूलद्रव्यात बदलत जातो, साधारण चौदा वर्षांत निम्मा. इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढताना तोवर साठलेलं अमेरिशियम बाजूला पडतं, आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून चालू होतं. म्हणजे कणाकणात अमेरिशियम किती हे मोजलं की तो माल कधी वेगळा काढला ते समजतं. कापडावरच्या धुळीने एक साल सांगायला हवं होतं. तिने तीन सांगितली : १९८९, १९९० आणि १९९१.

भांडण लागलं ते इथून. फेब्रुवारी १९९३मध्ये संस्थेने दोन संशयित जागांच्या विशेष तपासणीची मागणी केली. १२ मार्चला उत्तर कोरियाने करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. (नव्वद दिवसांची मुदत होती, ती संपायला एक दिवस उरला असताना त्यांनी नोटीस स्थगित केली. घासाघीस कशी करावी ते यांच्याकडून शिकावं.) मधे १ एप्रिलला संस्थेच्या नियामक मंडळात मतदान झालं आणि प्रकरण सुरक्षा परिषदेकडे गेलं. २८ मतं बाजूने. विरुद्ध दोनच, चीन आणि लिबिया. चार देश तटस्थ राहिले : सीरिया, व्हिएतनाम, पाकिस्तान आणि आपण.

मतांचा आकडा कोणीही सांगेल. आपल्या खुर्चीवर बसलेल्या माणसांच्या मनात काय होतं, ते कोण सांगणार? ज्या करारावर आपण स्वतः सही केली नाही, तो मोडल्याबद्दल दुसऱ्याला पंचांपुढे उभं कसं करायचं, अशी अडचण वाटली का? की दिल्लीहून नुसता दोन ओळींचा निरोप आला? पाकिस्तानच्या बरोबरीने हात खाली ठेवताना बाहेरच्या कॉफीच्या टेबलावर काही बोलणं झालं होतं का? आजोबांच्या डायरीत कदाचित यातलं काहीच नसेल. 'आज बर्फ. पाठ दुखते. ट्राम चुकली' एवढंच असेल. मला तेही वाचायचं होतं.

मिरजेची मुलगी कोरियाच्या नादी कशी लागली, हे मला लग्नकार्यांत अजून विचारतात. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून गेले, हे खरं कारण. भाषा सोपी वाटली, हे दुसरं. कोरियनमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, प्रत्यय नामाला चिकटतात, वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचं रूप बदलतं. वर्गातली अमेरिकन मुलं घाम पुसत असायची आणि मला मात्र मावशीकडे आल्यासारखं वाटायचं.

१९९४च्या जूनमध्ये मी सोलमध्ये एका विधवा बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होते. मार्चमध्ये सीमेवरच्या पानमुनजोमच्या बैठकीत उत्तरेच्या प्रतिनिधीने सोलचा आगीचा समुद्र होईल असं सुनावलं होतं. मे महिन्यात त्यांनी योंगब्योनच्या अणुभट्टीतून सुमारे आठ हजार इंधनकांड्या बाहेर काढायला घेतल्या. जूनच्या मध्यावर आमच्या गल्लीतल्या दुकानात झटपट शेवयांच्या पाकिटांचा कप्पा रिकामा दिसला. घरमालकीणबाई बादल्या भरून ठेवत होत्या. त्यांनी लहानपणी एकदा युद्ध पाहिलेलं. हातातलं काम न थांबवता त्यांनी मला विचारलं, "तुमच्या देशानेही केला ना बाँब?" मी माझ्या तोडक्यामोडक्या कोरियनमध्ये 'शांततामय स्फोट' असं काहीतरी सांगू लागले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि दुसरी बादली नळाखाली लावली.

त्याच आठवड्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर सीमा ओलांडून प्योंगयांगला गेले आणि पाणी ओसरलं. ८ जुलैला उत्तरेचे सर्वेसर्वा किम इल-सुंग वारले. २१ ऑक्टोबरला जिनिव्हात करार झाला : उत्तरेने योंगब्योन गोठवायचं, बदल्यात प्रत्येकी हजार मेगावॉटच्या, साध्या (हलक्या) पाण्यावर चालणाऱ्या दोन वीजभट्ट्या आणि त्या होईपर्यंत वर्षाला पाच लाख टन जड तेल. त्या भट्ट्या कधीच पूर्ण झाल्या नाहीत. २००३च्या जानेवारीत उत्तर कोरिया करारातून बाहेर पडला तो पडलाच, आणि ९ ऑक्टोबर २००६ला त्याने पहिला स्फोट केला. हे सगळं तुम्ही पेपरात वाचलेलं आहे, त्यात शिरत नाही. आमच्या वाहिन्यांवर किम घराण्याचा विषय निघाला की 'सनकी हुकूमशहा' आणि केशरचना एवढ्यावरच गाडी थांबते, त्यावरही आज बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

मी बोलणार आहे घरमालकीणबाईंच्या प्रश्नाबद्दल. त्याचं उत्तर मला काही वर्षांनी मेरीलँडमध्ये कॉलेज पार्कला मिळालं, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. तिथे पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल चालते. राखाडी खोके एका गाडीवरून येतात, एका वेळी एकच फोल्डर उघडायचं. एखादा कागद अजून गुप्त असेल तर त्याच्या जागी रंगीत चिठ्ठी लावलेली असते : तारीख अमुक, कोणाकडून कोणाला, पानं इतकी, काढून घेतला आहे. दडवलेल्या कागदाचीही तिथे अशी नोंद असते. मी पहिल्यांदा ती चिठ्ठी पाहिली तेव्हा मला राग आला होता. पुढे आपल्याकडच्या फायली शोधू लागले तेव्हा त्या चिठ्ठीचं मोल कळलं.

त्या खोक्यांत मी दक्षिण कोरियाचा माग काढत होते. १९६९मध्ये निक्सन यांनी ग्वाममध्ये सांगून टाकलं की आशियातल्या मित्रांनी आपापलं रक्षण आधी स्वतः करावं. १९७१पर्यंत वीसेक हजार अमेरिकन सैनिक दक्षिण कोरियातून परत गेले. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी गुपचूप अण्वस्त्राची तयारी सुरू केली. वरकरणी सगळं विजेसाठी. कॅनडाकडून वीज देणारी कँडू भट्टी घ्यायची, त्याच कॅनडाकडून एनआरएक्स जातीची संशोधन-भट्टी घ्यायची, आणि फ्रान्सकडून जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं करणारा कारखाना. तिन्ही गोष्टी जुळल्या की बाँबचा कच्चा माल घरात.

आणि मग १८ मे १९७४. पोखरण.

आपल्या त्या स्फोटाचं प्लुटोनियम आलं होतं सायरसमधून. ट्रॉम्बेची ती ४० मेगावॉटची भट्टी कॅनडाने दिलेली, जात तीच, एनआरएक्स. १९६०मध्ये चालू झालेली आणि २०१०च्या शेवटच्या दिवशी बंद केलेली. जड पाणी अमेरिकेचं. कॅनडाने डोक्यावर हात मारून घेतला आणि आपल्याशी अणुसहकार्य थांबवलं. ते तुम्हाला माहीत आहे, तुमच्यापैकी काहींनी त्यानंतरची सुटे भाग न मिळण्याची वर्षं भोगली आहेत. पण त्याच धक्क्याने सोलची एनआरएक्सही गेली. ट्रॉम्बेला जे झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही म्हणून कॅनडाने ती भट्टी द्यायचं नाकारलं, आणि कँडू हवी असेल तर आधी अण्वस्त्रप्रसारबंदी कराराला संसदेची मंजुरी द्या, असा आग्रह धरला. दक्षिण कोरियाने १९६८मध्ये नुसती सही करून ठेवली होती. २३ एप्रिल १९७५ला मंजुरी झाली. आठवड्याभराने सायगाव पडलं. अमेरिकेच्या शब्दावर विसंबलेल्या देशाचं काय होतं ते पार्क यांनी डोळ्यांनी पाहिलं. जूनमध्ये त्यांनी अमेरिकन पत्रकाराला उघड सांगितलं की अमेरिकेने आपली अणुछत्री काढून घेतली तर आम्ही आमचा बाँब करू. सोलमधले अमेरिकन राजदूत रिचर्ड स्नायडर यांनी मग महिनोन् महिने नेट लावला. फ्रेंच कारखान्याचा हट्ट सोडला नाहीत तर कोरी इथल्या दुसऱ्या वीजभट्टीचं कर्ज विसरा, आणि एकूण मैत्रीचाच फेरविचार करावा लागेल. जानेवारी १९७६मध्ये तो सौदा मोडला.

तेव्हा बाईंना द्यायचं उत्तर असं होतं : हो, आमच्या देशाने केला, आणि त्यामुळे तुमच्या राष्ट्राध्यक्षांच्या हातची एक भट्टी गेली. आमच्या बाँबने तुमचा बाँब अडवायला हातभार लावला. यात आमचं पुण्य काही नाही. आमच्या मनातही नव्हतं.

एक कबुलीही इथेच देते. जानेवारी १९७६ला पार्क यांचा शस्त्र-कार्यक्रम संपला असं मी माझ्या प्रबंधात ठोकून दिलं होतं. पुढे सीआयएचा १९७८चा एक अहवाल खुला झाला. शस्त्राचं काम थांबवण्याचा हुकूम १९७६च्या डिसेंबरातला निघाला, जवळजवळ वर्षभराने. आणि २००४मध्ये दक्षिण कोरियाने स्वतःच कबूल केलं की १९८२ साली सोलच्या संशोधन-भट्टीतल्या इंधनातून ०.७ ग्रॅम प्लुटोनियम वेगळं काढलं होतं आणि २०००मध्ये लेसरने ०.२ ग्रॅम युरेनियम समृद्ध करून पाहिलं होतं. वजनात चिमूटभरही नाही. पण 'संपलं' हा शब्द इतिहासात जपून वापरावा, हे मी या चिमटीतून शिकले.

आता माझं मुख्य दुखणं. सोल, ओटावा, वॉशिंग्टन, पॅरिस या चारी गावांच्या तोंडून मला ट्रॉम्बेची गोष्ट ऐकायला मिळाली. ट्रॉम्बेच्या तोंडून नाही. सोलची फाइल वाचताना १९७५ साली अणुशक्तीनगरच्या बसमध्ये लोक याबद्दल काय बोलत होते, कोरियाचं नाव तरी कोणाच्या गावी होतं का, हे मला ठाऊक नाही. दिल्लीत आपण काय टिपलं? सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३पासून आहे, त्याच्या नियमांप्रमाणे पंचवीस वर्षांचे झालेले कागद अभिलेखागारात यायला हवेत. प्रत्यक्षात काय, ते २०२२च्या डिसेंबरात तेव्हाच्या महासंचालकांनीच जाहीरपणे सांगितलं : मंत्रालयं आणि विभाग मिळून १५१, त्यांपैकी ३६चेच कागद आमच्याकडे आहेत, १९६२, १९६५, १९७१च्या युद्धांचेही नाहीत. अणुऊर्जेवर तर १९६२च्या कायद्याने गुप्ततेचं जाड पांघरूण घातलं. दक्षिण कोरियाचं परराष्ट्र मंत्रालय दर वर्षी तीस वर्षांपूर्वीचे कागद खुले करतं. हुकूमशाहीतून बाहेर आलेला देश, शत्रू तासाभराच्या अंतरावर, तरी करतं.

सरकारी दरवाजा उघडेल तेव्हा उघडेल. मी साठीच्या पुढे गेले, तुमच्यातले बरेच जण ऐंशीच्या. म्हणून खिडकीकडे आले आहे.

दुय्यम जागीच चांगला कागद सापडतो, हा माझ्या धंद्यातला अनुभव आहे. उत्तर कोरियाचे स्वतःचे कागद कोणाला मिळत नाहीत. मग त्याच्या अणुकार्यक्रमाचा जुना इतिहास कुठून बाहेर आला? बुडापेस्टमधून, मॉस्कोतून, बर्लिनमधून. प्योंगयांगला कंटाळून बसलेले हंगेरीचे, पूर्व जर्मनीचे, सोव्हिएत वकिलातीतले लोक रोज काहीबाही लिहून घरी पाठवत. कोणी कोणाला जेवायला बोलावलं, कोण काय बडबडलं. बालाझ सालोंताई आणि सर्गेई रादचेंको या अभ्यासकांनी ती बाडं उपसली. ऑगस्ट १९६३च्या एका टिपणात सोव्हिएत राजदूत लिहितो की पूर्व जर्मनीच्या राजदूताच्या सांगण्यानुसार कोरियन लोक विचारताहेत, तुमच्या विद्यापीठांतून अण्वस्त्रांविषयी काही माहिती मिळेल का. म्हणजे पहिल्या स्फोटाच्या त्रेचाळीस वर्षं आधी. वरिष्ठांना ते टिपण फारसं महत्त्वाचं वाटलं नसावं. लिहिणाऱ्याने लिहिलं, कोणीतरी फाइलला लावलं, कोणी फेकलं नाही. बस्स. अशा कागदांची भाषांतरं वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरने वर्षानुवर्षं जमवली. आणि मार्च २०२५मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशाने त्या संस्थेवरच कुऱ्हाड आली. मोठ्या कपाटांचाही भरवसा नाही तो असा.

आपल्याला हे नवं नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करत हेच करत होते. पानिपतच्या काळातली पत्रं त्यांना सातारच्या गादीपाशी किंवा शनिवारवाड्यात मिळाली नाहीत, वाईच्या एका घरात मिळाली. वाण्याच्या पुड्या बांधायला जाणारे कागद त्यांच्या पिढीने हात जोडून परत आणले. त्यांच्या काळी मोडी वाचता येत नव्हती म्हणून लोक कागद टाकत. आमच्या काळी डायरी इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात असूनही टाकतात, कारण 'बाबांच्या ऑफिसचं काहीतरी' असतं.

एक ट्रंक मला मिळाली, तिच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. साताऱ्याजवळच्या एका गावात, जुन्या घराच्या ओटीवर. त्या घरचे आजोबा १९५३-५४मध्ये कोरियाला होते.

त्याआधी दोन वाक्यं पार्श्वभूमीची. मे १९५३मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस दिल्लीला आले आणि नेहरूंना म्हणाले की शस्त्रसंधीची बोलणी फिसकटली तर अमेरिका लष्करी जोर कमी नाही, वाढवेल, आणि युद्धाचं क्षेत्रही वाढू शकेल. डलेस यांच्या स्वतःच्या टिपणात अणुबाँब हा शब्द नाही. पण पुढे वॉशिंग्टनमध्ये अशी दंतकथाच झाली की बाँबची धमकी दिल्लीमार्गे पेकिंगला पोचली म्हणून चीन नमला. असा काही निरोप आपण पोचवला नाही, असं नेहरूंचं म्हणणं. मार्चमध्ये स्टालिन मेला होता, हे कारण माझ्या मते जास्त वजनाचं. वाद चालू आहे. २७ जुलैला शस्त्रसंधी झाली, आणि मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून जास्त कैद्यांना सांभाळायला भारताची सुमारे सहा हजारांची फौज गेली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीयांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला नकार दिला. मग इंचॉन बंदरातून आपल्या जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरांनी उचलून थेट सीमेवरच्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडलं.

ट्रंकेत काय होतं? लोकरीची एक कानटोपी, कसरीने खाल्लेली. लष्करी टपालाची अकरा पत्रं, बाळबोध लिपीत, शिशाच्या पेन्सिलीने, पानाच्या चारी कडांना ओळी फिरवलेल्या. जमिनीला पाय न लावता आम्हाला पाखरासारखं उचलून आणलं, असं त्या माणसाने आईला लिहिलंय. इथली थंडी हाडात शिरते. कैदी घोषणा देतात, दगड मारतात, आणि आम्हाला हात उगारायचा हुकूम नाही. म्हैस व्यायली का. थोरात साहेबांना लांबून पाहिलं. एका पत्रात खाडाखोड आहे. आधी 'लढाई संपली' लिहिलंय, मग 'संपली' खोडून वर 'थांबली' केलंय. बाँबचा उल्लेख अकरा पत्रांत एकदाही नाही. पण मी त्या खाडाखोडीपाशी बराच वेळ बसले. त्याने जी खाडाखोड वेळीच केली, ती मला माझ्या प्रबंधात जमली नव्हती. आज सत्तरहून जास्त वर्षं झाली, शांतता करार नाही, शस्त्रसंधीच आहे. १९५८मध्ये अमेरिकेने दक्षिणेत अण्वस्त्रं आणली, १९९१मध्ये परत नेली. आता उत्तरेकडे स्वतःची आहेत, आणि दक्षिणेत लोकमत घेतलं की सत्तर टक्क्यांच्या घरात लोक म्हणतात, आपणही करावी.

तेव्हा मागणं एवढंच. टाकू नका.

मला काय नको ते आधी सांगते, म्हणजे तुमची धास्ती कमी होईल. बाँब कसा करतात ते मला नको. आराखडे, आकडे, सूत्रं नकोत. मला त्यातलं कळतही नाही. तो का करायचा, का नाही करायचा, हे कोण कोणाला कधी म्हणालं, ते हवंय. 'गुप्त' शिक्का असलेला सरकारी कागद चुकून घरी राहिला असेल तर तो मला दाखवू नका. १९२३चा गोपनीयता कायदा अजून जिवंत आहे. तो ज्या कचेरीचा आहे तिथे लेखी पोच घेऊन परत करा. मला घरगुती पसारा हवा. डायऱ्या, पत्रं, पत्रांचे कच्चे खर्डे, पासपोर्ट, परिषदांचे बिल्ले, मेजवान्यांची मेनूकार्डं (मागच्या बाजूला लोक काय काय लिहून ठेवतात!), व्हिजिटिंग कार्डं, फोटो. जून १९९९मध्ये कांडला बंदरात 'कु वोल सान' हे उत्तर कोरियाचं जहाज अडवलं, पाणी शुद्ध करण्याची यंत्रं म्हणून नोंदवलेल्या खोक्यांत क्षेपणास्त्राचे भाग निघाले. तेव्हा तिथे नोकरीला असलेलं कोणी हे वाचत असेल तर तुमची त्या आठवड्यातली ड्युटीची वहीदेखील चालेल.

आणि ट्रंक उघडलीत तर एवढं सांभाळा. क्रम मोडू नका. विषयवार गठ्ठे करण्याचा मोह होतो, करू नका. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी होता यातही माहिती असते. सेलोटेप अजिबात नको, दहा वर्षांनी तो पिवळा डाग सोडतो आणि अक्षर घेऊन जातो. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, मी येऊन काढीन. लॅमिनेशन करू नका. फोटोमागे नावं लिहा, पण मऊ पेन्सिलने आणि हलक्या हाताने. आणि आजच लिहा, कारण दुसऱ्या रांगेतला डावीकडून तिसरा कोण हे सांगणारं माणूस घरात एकच उरलेलं असतं. प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा जुनं धुतलेलं सुती कापड बरं. पेशवे दप्तरातल्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात ते उगाच नाही.

कागद मला देऊन टाका असंही नाही. मी पाहीन, परवानगी असेल तर फोटो काढीन, जसेच्या तसे परत ठेवीन. घरात जागा नसेल तर बंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचं अभिलेखागार शास्त्रज्ञांचे खासगी कागद घेतं, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं आहे, दिल्लीत तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात राजनैतिक अधिकाऱ्यांचे संग्रह आहेत. पत्रव्यवहार मी करीन. वीस वर्षं उघडायचं नाही, अशी अट घालायची असेल तर तीही घालता येते. घरातली भांडणं, कोणाचं प्रेमप्रकरण, साहेबाला घातलेल्या शिव्या बाहेर येतील अशी भीती असेल तर ती पानं तुम्ही आधी वाचा. फाडू मात्र नका. पाकिटात घालून वर कॉलेज पार्कसारखी चिठ्ठी लावा : तारीख अमुक, पानं इतकी, काढून ठेवली आहेत.

हे पत्र जिथे वाचलंत तिथल्या संपादकांकडे निरोप ठेवा, तो माझ्यापर्यंत येईल. पुणे, मुंबई, सातारा, कोल्हापूर कुठेही येईन. शिडीवर चढायला तेवढं घरातलं कोणी तरुण लागेल, माझे गुडघे आता ऐकत नाहीत. आणि तुमच्याकडे रद्दीवाला कोणत्या वारी येतो तेही कळवा. मी आदल्या दिवशी येते.

आपली,
इतिहासाची एक निवृत्त प्राध्यापिका
पुणे